सायकलवाल्याला ओव्हरटेक करताना नेमकी किती जागा सोडायची?

परतीचा_रस्ता

नमस्कार मंडळी.

मंगळवारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय. जरा सविस्तर लिहितो.

मी रोज कारने कामावर जातो, चौदा किलोमीटर. त्यातला मधला तीनेक किलोमीटरचा पट्टा अरुंद आहे. जाणारी एक मार्गिका, येणारी एक, मध्ये दुभाजक नाही आणि डांबर संपलं की लगेच खडी. मंगळवारी सकाळी माझ्यापुढे एक सायकलवाले गृहस्थ होते. वय साठीच्या आसपास, पाठीला पिशवी. समोरून गाड्या येत होत्या म्हणून मी थोडा वेळ त्यांच्या मागे राहिलो. मग समोर जरा मोकळं दिसलं, तसा एक छोटा हॉर्न दिला आणि पुढे काढली. माझ्या हिशेबाने त्यांच्या आणि माझ्या आरशाच्या मध्ये हातभर जागा होती. धक्का लागला नाही, घासलं नाही.

पुढच्या सिग्नलला थांबलो, तर ते मागून आले आणि काचेवर टकटक केली. मला वाटलं, आता भांडण होणार. काच खाली केली. ते चिडलेले नव्हते. हँडलवरचे त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्हाला जागा वाटली असेल. मला नाही वाटली." तेवढ्यात सिग्नल सुटला.

मला काहीच बोलता आलं नाही. एकवीस वर्षं गाडी चालवतोय, एकही अपघात नाही, आणि आपण नीट चालवतो याचा मला अभिमान होता. आता प्रश्न पडलाय की या एकवीस वर्षांत मी अशा किती जणांना घाबरवलं असेल. ते सगळे काही काचेवर टकटक करायला आले नाहीत.

म्हणून जे सायकल चालवतात त्यांना विचारतो. नेमकी किती जागा सोडायची? हॉर्न द्यावा की देऊ नये? मी तर सावध करायला दिला होता. काही जण कडेला जागा असूनही मार्गिकेच्या मधोमध का चालतात, दोघं शेजारी-शेजारी का चालतात? आणि मी सायकलमागे हळू गेलो की माझ्या मागचे जे हॉर्न वाजवत सुटतात, त्यांचं काय करायचं? कुणाला दोष देण्यासाठी विचारत नाही. मला खरंच समजून घ्यायचंय.

कॅरिअरवाली

आधी तुमचे मनापासून आभार. अकरा वर्षं मी रोज सायकलने कामाला जाते, येऊन-जाऊन अठरा किलोमीटर. इतक्या वर्षांत एकाही गाडीवाल्याने मला हे विचारलेलं नाही. उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

तुमच्या त्या 'हातभर'पासून सुरुवात करते. तुमच्या सीटवरून ते हातभर अंतर स्थिर दिसतं, कारण तुमची गाडी चार चाकांवर आपली आपण उभी असते. सायकल तशी नसते. ती सतत पडायला बघत असते आणि आम्ही तिला सतत सावरत असतो. हँडल बारीक-बारीक डावीउजवीकडे हलतं, तेव्हाच तोल राहतो. पाऊस पडून गेल्यावर डबक्यातून बाहेर आलेल्या सायकलच्या चाकाची ओली रेघ बघा. सरळ चालवणाऱ्याचीही ती नागमोडीच उमटते. चढावर वेग पडला किंवा पाठीवर ओझं असलं की ही वळणं आणखी मोठी होतात.

आणखी एक गोष्ट आहे, सायकल चालवणाऱ्यांनाही ती सहसा ठाऊक नसते. सायकल डावीकडे वळवायची तर चाक आधी क्षणभर उजवीकडे जावं लागतं. त्यामुळे सायकल डावीकडे कलते आणि मग वळते. शरीर हे नकळत करतं. आता विचार करा. गाडी उजव्या बाजूने अगदी खेटून चालली असेल, तर तिच्यापासून दूर व्हायला लागणारी ती चार बोटं जागा गाडीच्याच बाजूला हवी असते आणि नेमकी तीच उरलेली नसते. म्हणून खेटून गेलेली गाडी आम्हाला जागच्या जागी बांधून टाकते. धक्का न लागताही हात का थरथरतात, त्याचं कारण हे आहे.

चार वर्षांपूर्वी एका गाडीचा आरसा माझ्या कोपराला लागला. मी पडले नाही, हाडही मोडलं नाही, कोपर आठवडाभर सुजलं होतं एवढंच. पण पुढचे दोन-अडीच महिने मागून इंजिनचा आवाज आला की माझे खांदे आपोआप आवळले जायचे. तो गाडीवाला थांबला नाही. त्याला कळलं तरी असेल की नाही, कोण जाणे.

आता आकडे. बऱ्याच देशांनी हे अंतर कायद्यात किंवा नियमांत लिहून ठेवलंय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९७३ मध्येच किमान ३ फुटांचा नियम केला. फ्रान्समध्ये वस्तीत १ मीटर आणि वस्तीबाहेर १.५ मीटर. जर्मनीने २०२० मध्ये वस्तीत १.५ आणि बाहेर २ मीटर केलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१४ पासून ताशी ६० किलोमीटरपर्यंत १ मीटर, त्यापुढे १.५ मीटर आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ साली बदल झाले. त्यात ताशी ३० मैलांपर्यंत किमान १.५ मीटर आणि वेग त्याहून जास्त असेल तर आणखी जागा असं सांगितलंय. म्हणजे दीड मीटर धरून चाला आणि वेग वाढला की वाढवा. आणि हे अंतर माझ्या हँडलच्या टोकापासून तुमच्या आरशापर्यंत मोजायचं. चाकापासून दारापर्यंत मोजलं की हिशेब चुकतो.

हे अंतर एकदा मान्य केलं की तुमचा 'मधोमध का' हा प्रश्न बराचसा सुटतो. साडेतीन मीटरची मार्गिका धरू, म्हणजे चांगली ऐसपैस. मी कडेपासून पाऊण मीटरवर चालते. कडेला गटाराच्या जाळ्या, काचा, वाळू, उखडलेलं डांबर सगळं असतं, त्यामुळे त्याहून आत जाता येत नाही. माझ्या हँडलचं उजवं टोक कडेपासून साधारण एक मीटरवर येतं. त्यात दीड मीटर मिळवा, झाले अडीच. तुमची गाडी आरशांसकट दोन मीटरच्या आसपास. एकूण साडेचार मीटर. साडेतीनच्या मार्गिकेत ते मावतच नाही. मी अगदी कडेला चिकटून चालले तरी चार मीटर होतात. म्हणजे मला नीट ओलांडायचं तर तुम्हाला शेजारच्या मार्गिकेत जावंच लागणार, आणि तिथे समोरून कुणी येत असेल तर थांबावंच लागणार. मी कडेला चिकटले तर 'यातूनही निघेल' असा भास होतो. मंगळवारी तुम्हालाही तोच भास झाला असावा. म्हणून रस्ता अरुंद झाला, वळण आलं, पूल आला की मी मुद्दाम मार्गिकेच्या मध्ये येते. तो माज नसतो. 'आत्ता इथून निघत नाही, जरा थांबा' हे सांगायची माझ्याकडे तेवढी एकच भाषा आहे.

दोघं शेजारी चालण्याचंही तसंच आहे. शेजारची मार्गिका वापरणं तुम्हाला भागच असेल, तर दोघांची जोडी एकामागे एक लांबलेल्या दोघांपेक्षा लवकर ओलांडून होते. मात्र मागे गाड्या साचल्या तरी गप्पा मारत तसंच चालत राहणं मला पटत नाही.

हॉर्नबद्दल. तुम्ही चांगल्या मनाने दिलात हे पटतं मला. पण मागून तीन मीटरवर वाजलेला हॉर्न आमच्या कानाला सावध करत नाही, दचकवतो. दचकलं की हँडल हलतं. तुमचं इंजिन आणि टायर आम्हाला आधीपासून ऐकू येत असतात. विजेवरच्या गाड्या हळू असतात तेव्हा कळत नाहीत, तो अपवाद. द्यायचाच असेल तर बराच मागून, पन्नासेक मीटरवरून, एकदा हलकेच द्या आणि मग घाई न करता या. माझं मत विचाराल तर दिला नाही तरच बरं.

मोठी_गाडी

मी बावीस वर्षं ट्रक चालवतोय. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

ताईंनी लिहिलं ते सगळं खरं आहे. ट्रकवाल्याची बाजू वेगळी नाही, पण आमच्या केबिनमधून काय दिसतं तेवढं सांगतो, कारण ते माहीत नसल्यानं माणसं जातात.

मी उंचावर बसतो. लोकांना वाटतं, उंचावरून सगळं दिसत असेल. लांबचं दिसतं, जवळचं नाही. केबिनच्या अगदी पुढे, काचेच्या खाली माणूस उभा असला तर दिसत नाही. डाव्या दाराला लागून सायकल असली तर तीही नाही. आरसे असतात, पण सहा आरसे एका वेळी बघता येत नाहीत. एक बघेपर्यंत दुसऱ्यातली सायकल पुढे सरकलेली असते. लंडनमध्ये २०२१ पासून मोठ्या ट्रकना चालकाला प्रत्यक्ष किती दिसतं यावरून परवाना मिळतो, युरोपात नव्या ट्रकना बाजूची सायकल ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. चांगलंच आहे. पण रस्त्यावर जुन्या गाड्या आहेत आणि बरीच वर्षं राहणार.

त्याहून महत्त्वाचं, वळताना ट्रकची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतून कापत येतात. गाडी जितकी लांब, तितकी जास्त आत. म्हणून डावीकडे वळण्यासाठी मला आधी गाडी उजवीकडे काढावी लागते. मागच्या सायकलवाल्याला वाटतं हा उजवीकडे चाललाय, आणि तो डाव्या फटीतून पुढे घुसतो. ती फट पुढच्या चार सेकंदांत बंद होणार असते.

अकरा वर्षांपूर्वी असंच झालं. सिग्नलला उभा होतो, डावा इंडिकेटर चालू होता. सिग्नल सुटला, गाडी हलली आणि क्लीनरने डावीकडून दारावर जोरात थापा मारल्या. ब्रेक दाबला. खाली उतरून पाहिलं तर शाळेचा मुलगा, चौदा-पंधरा वर्षांचा, मागच्या चाकापासून हातभरावर सायकल धरून उभा. त्याला काही झालं नव्हतं. मी मात्र गाडी बाजूला घेतली आणि पाऊण तास स्टिअरिंगला हात लावू शकलो नाही. क्लीनर नसता तर मला कळलंही नसतं. त्या दिवसापासून डावीकडे वळायच्या आधी क्लीनरने सांगितल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. एकटा असलो तर दोनदा आरसे बघून, थांबून, इंचाइंचाने वळतो. मागचे काय वाजवायचं ते वाजवोत.

म्हणून सायकलवाल्यांना हात जोडून सांगणं आहे. उभ्या ट्रकच्या डावीकडून पुढे जाऊ नका. मागेच थांबा. पुढे जायचंच असेल तर एवढं पुढे जा की मागे वळून पाहिल्यावर तुम्हाला माझा चेहरा दिसेल. तुम्हाला माझा चेहरा दिसत नसेल तर मलाही तुम्ही दिसत नाही.

आणि मोठ्या गाड्या चालवणाऱ्या माझ्या भावांना. वेगात सायकलशेजारून गेलो की आपली हवा आधी तिला बाहेर ढकलते आणि गाडी पुढे गेली की आत ओढते. दोन धक्के, एकामागोमाग एक, उलट दिशांचे. दीड मीटर कारसाठी ठीक. आपण दोन सोडायचे, आणि वेग पाडायचा.

रात्रीचं एक. मागे लाल दिवा नसलेली सायकल मला शेवटच्या क्षणी दिसते. दिवा नसेल तर निदान मागचा लाल रिफ्लेक्टर पुसून ठेवा. पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर तर फार उपयोगी, ते वरखाली हलतात म्हणून लांबून कळतं की ही सायकल आहे.

एल_बोर्ड

मी गाडी चालवायला शिकवतो, सतरा वर्षं झाली. धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून त्यावर लिहितो: मागचे हॉर्न वाजवतात त्यांचं काय करायचं.

शिकाऊ मुलांना मी एक हिशेब करायला लावतो. पुढे सायकल आहे, वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. मोकळी जागा मिळेपर्यंत तुम्हाला तिच्यामागे २०० मीटर जावं लागलं, तर ४० सेकंद लागतात. ताशी ५० ने गेला असता तर तेच अंतर १४ सेकंदांत कापलं असतं. फरक २६ सेकंदांचा. आणि बहुतेक वेळा पुढच्या सिग्नलला तेही वाचत नाहीत. धागाकर्ते स्वतःच लिहितात की सिग्नलला ते गृहस्थ त्यांना येऊन गाठू शकले. म्हणजे त्या दिवशी वाचलं काय? हे टोचून बोलत नाही, मोठा हिशेब त्यातच आहे म्हणून दाखवतोय.

दुसरा हिशेब वेगाचा. काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा. ताशी ५० ला त्या एका सेकंदात गाडी १४ मीटर गेलेली असते, ताशी ३० ला ८ मीटर. आणि धडक बसलीच तर ५० च्या गाडीतली ऊर्जा ३० च्या पावणेतीन पट असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आत बसलेल्याला ३० आणि ५० मध्ये फारसा फरक जाणवत नाही. बाहेरच्याचा जीव तिथेच असतो.

आता दोन गोष्टी, ज्या सहसा शिकवल्या जात नाहीत. पहिली, पुढच्या काचेच्या आणि दाराच्या मधला खांब. चौकाकडे तुम्ही येताय, आडव्या रस्त्याने सायकल येतेय. दोघांच्या वेगांचं प्रमाण जुळलं तर सायकल तुमच्या नजरेत एकाच जागी राहते. सरकत नाही. ती जागा त्या खांबामागे असेल तर ती शेवटपर्यंत खांबामागेच राहते आणि एकदम बॉनेटपुढे प्रकटते. 'कुठून आला कळलंच नाही' म्हणणारे बहुतेक जण खोटं बोलत नसतात. उपाय साधा आहे. चौकात येताना मान आणि खांदे पुढे-मागे हलवून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघायचं. माझे विद्यार्थी सुरुवातीला लाजतात, लोक बघतील म्हणून. मी त्यांना सोडत नाही.

दुसरी, दार. उभ्या गाडीचं दार बाहेर साधारण मीटरभर येतं. ड्रायव्हरने उजवं दार डाव्या हाताने उघडायचं, म्हणजे दारापासून लांबच्या हाताने. तसं केलं की धड आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. डाव्या बाजूला बसलेल्यांनी उजव्या हाताने. नेदरलँड्सच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही २०२२ पासून आहे. (रहदारी उजवीकडून चालते तिथे हात उलटे धरा.) दोन आठवडे आठवणीने करावं लागतं, मग हात आपला आपण जातो.

एका बाबतीत मात्र कॅरिअरवाली यांच्याशी माझं जमत नाही. मार्गिकेच्या मध्ये येणं अरुंद जागी योग्यच, ते मी गाडीवाल्यांनाही शिकवतो. पण तीन किलोमीटरचा पट्टा सगळाच अरुंद असेल आणि मागे आठ-दहा गाड्या साचल्या असतील, तर सायकलस्वाराने जागा बघून बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यायला हवं. अडकलेल्या रांगेतला पाचवा माणूस पुढे काय आहे ते बघत नाही, तो नुसता चिडतो, आणि शेवटी चुकीच्या जागी ओव्हरटेक करतो. त्याचा फटका सायकललाच बसतो. शिवाय उलट्या दिशेने सायकल चालवणाऱ्यांबद्दल या धाग्यावर अजून कुणी बोललं नाही. गल्लीतून डावीकडे वळणारा ड्रायव्हर उजवीकडे बघत असतो, कारण गाड्या तिकडून येतात. डावीकडून, चुकीच्या बाजूने आलेली सायकल त्याच्या हिशेबातच नसते. 'जवळच जायचंय' म्हणून केलेलं हे सगळ्यात धोक्याचं आहे असं मी समजतो.

कॅरिअरवाली

@एल_बोर्ड, उलट्या दिशेबद्दल शंभर टक्के सहमत. मी स्वतः दोन-तीन वेळा लोकांना थांबवून सांगितलंय.

बाजूला होण्याबद्दल अर्धी सहमत. मी होते बाजूला. पण कधी आणि कुठे, ते मला ठरवू द्या. ब्रिटनच्या त्याच नियमांत असं आहे की मागच्यांची जाणीव ठेवा आणि तुम्हाला सुरक्षित वाटेल तेव्हा त्यांना पुढे जाऊ द्या. 'तुम्हाला वाटेल तेव्हा' हे शब्द माझ्यासाठी मोलाचे आहेत. हॉर्नच्या धाकाने खडीत उतरणं वेगळं. डांबरावरून खडीत उतरताना पुढचं चाक त्या कडेला घासून सरकतं, आणि सरकलं की माणूस रस्त्याच्या बाजूला पडतो. म्हणजे गाडीखाली.

आणि तुमच्या यादीत एक भर घालते. सायकलला ओलांडून लगेच तिच्यापुढून डावीकडे वळणारे. माझ्या अनुभवात खेटून जाण्याच्या खालोखाल हेच. वीस मीटरवर वळायचं असेल तर माझ्या मागेच राहा ना. मी पुढे गेले की वळा. पाच सेकंद लागतात.

नवी_सायकल

मध्येच विचारते. तीन महिन्यांपूर्वी सायकल घेतली. उजवीकडे वळायचं तर मागे बघावं लागतं, आणि मागे बघितलं की माझी सायकल उजवीकडे ओढली जाते. हात दाखवायला एक हात सोडला की डगमगते. म्हणून मी न बघता, न हात दाखवता पटकन वळून टाकते आणि नंतर घाबरते. काय करू?

कॅरिअरवाली

@नवी_सायकल, सगळ्यांचं होतं असं. खांद्यासोबत हात ओढला जातो म्हणून. मोकळ्या मैदानात जा, जमिनीवर एखादी रेघ शोध आणि त्या रेघेवर चालवत फक्त हनुवटी खांद्याला टेकवायचा सराव कर. कोपरं सैल ठेव. मागे कुणाला तरी उभं कर आणि ते किती बोटं दाखवतात ते ओळख. ते जमलं की उजवा हात सोडायचा सराव. आठवडाभरात जमेल. तोपर्यंत उजवीकडे वळायचं असेल तर डावीकडे थांब, उतर आणि पायी ओलांड. त्यात काही कमीपणा नाही, मी गर्दीच्या चौकात आजही तेच करते.

परतीचा_रस्ता

सगळ्यांचे आभार. मोठी_गाडी, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. माझी मुलगी सायकलने शाळेत जाते.

एल_बोर्ड, तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. त्या दिवशी काहीच वाचलं नव्हतं.

शनिवारी टेप घेऊन गाडी उभी केली तिथे आरशापासून दीड मीटर मोजला आणि खडूने रेघ मारली. सीटवर बसून त्या रेघेकडे बघितलं. मला ती रेघ फार लांब वाटली. माझं 'हातभर' मोजलं तर पंचावन्न सेंटीमीटर भरलं.

रविवारी सकाळी शेजाऱ्यांची सायकल मागून घेतली आणि त्याच तीन किलोमीटरच्या पट्ट्यावर गेलो. वीस वर्षांनी सायकलवर बसलो असेन. जाताना रस्ता मोकळा होता. येताना सहा गाड्या मागून आल्या, मोजल्या मी. चार नीट लांबून गेल्या. पाचवी खेटून गेली, साधारण माझ्याएवढीच. जागा होती, धक्का लागला नाही, आणि मी पुढचा काही वेळ पॅडल मारू शकलो नाही, नुसता ब्रेक धरून उभा राहिलो. त्या गृहस्थांना त्यानंतरही सायकल चालवून सिग्नलपर्यंत यावं लागलं होतं.

सहाव्या गाडीबद्दल लिहायचंय. ती बराच वेळ मागेच राहिली. मला वाटलं आता हॉर्न देईल. दिला नाही. समोरचा रस्ता दूरवर मोकळा झाला, तेव्हा ती पूर्ण पलीकडच्या मार्गिकेत जाऊन शांतपणे पुढे गेली.

सोमवारपासून मी तसंच करायला लागलोय. मागचे हॉर्न वाजवतात, अजून कानाला लागतात, पण पहिल्या दिवसाइतके नाही. सायकल ओलांडायच्या बरंच आधी उजवा इंडिकेटर देतो. त्यामुळे मागच्याला पुढे काहीतरी आहे एवढं तरी कळतं, असं वाटतं.

एक अडचण मात्र राहिली. पट्ट्याच्या शेवटी एक अरुंद पूल आहे. माझ्यापुढचे सायकलवाले मला मागे बघितलं की पुलाच्या तोंडाशी उतरून, कठड्याला टेकून उभे राहतात आणि 'जा' म्हणून हात करतात. मला ते आवडत नाही. ते आधी आलेत, त्यांनी आधी जावं. पण 'तुम्ही व्हा पुढे' हे त्यांना सांगायचं कसं? हॉर्न दिला की त्यांना वाटतं मी घाई करतोय. दिवे दाखवले तरी तोच अर्थ होतो.

कॅरिअरवाली

पुलाच्या बऱ्याच आधी पाय उचला. अगदी तीस-चाळीस मीटर मागे पडा आणि तिथेच राहा. आम्हाला मागचं दिसत नाही, पण आवाज जवळ येतोय की मागे राहिलाय हे पाठीला कळतं. तुमचं इंजिन मागे पडलेलं ऐकू आलं की मी तरी पुलावर उतरत नाही, चालवत जाते.

मोठी_गाडी

मीही तेच करतो. पहिले काही दिवस ते तरीही उतरतील, सवयीने. तुम्ही मागेच थांबा. रोजचा रस्ता आहे, गाडी ओळखीची होते.